भातुकली आणि चूल

माझी भाची वैद्यकीय महाविद्यालयांत शिकते. तिचा दिवस रुग्णालयांत जातो, अर्धी रात्र अभ्यासांत जाते, आणि या दोहोंच्या मध्यें जो अर्धा-पाऊण तास उरतो तेवढ्यांत ती शेती करते. ही शेती संगणकाच्या पडद्यावरची. गेल्या दिवाळींत ती आमच्याकडे आली असतां मीं तिच्या मागें खुर्ची टाकून हा प्रकार प्रथमच लक्षपूर्वक पाहिला. एक लहानसें शेत, हातांत झारी, कोपऱ्यांत कोंबड्यांचें खुराडें; पाऊस आला कीं त्या दिवशीं पाणी घालण्याचे श्रम वांचतात. आमचे चुलते शेजारींच वर्तमानपत्र वाचीत बसले होते. ते चष्म्यावरून पाहून म्हणाले, “एवढी घोडी झाली, आणि अजून भातुकली खेळते!” भाची हंसली. म्हणाली, “भातुकलीच आहे, आजोबा. पण हातीं घेतलेलें काम शेवटास गेलें, असें मला दिवसाकाठीं येथेंच काय तें वाटतें.”

चुलत्यांचा आक्षेप आणि भाचीचें उत्तर हीं दोन्ही माझ्या मनांत राहिलीं. दोहोंतही तथ्य आहे असें मला वाटलें, आणि ज्या दोन गोष्टी परस्परविरुद्ध असून खऱ्या वाटतात त्यांचा विचार केल्याशिवाय माझ्यासारख्या रिकामटेकड्यास चैन पडत नाहीं.

इंग्रजींत अशा खेळांना आणि याच जातीच्या कथांना ‘कोझी’ म्हणतात. मराठींत त्याला ‘ऊबदार’ हा शब्द पुरेसा जवळचा आहे. ज्या कथेंत संकट उंबरठ्यापर्यंत येतें पण माजघरांत शिरत नाहीं, माणसें बहुधा भलीं असतात, आणि विसकटलेली घडी शेवटीं पुन्हां नीट बसते, ती ऊबदार कथा. ज्या खेळांत घाई नाहीं, आणि खऱ्या अर्थानें ज्यांत हार होऊंच शकत नाहीं, तो ऊबदार खेळ. असल्या वाङ्मयाविषयीं सुशिक्षित मनुष्याच्या मनांत एक प्रकारची अढी असते. तो तें वाचतो, पण पाहुणे आले कीं पुस्तक उशीखालीं सारतो. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकांत आपल्याकडे ‘कलेसाठीं कला’ कीं ‘जीवनासाठीं कला’ हा वाद माजला, आणि श्री. ना. सी. फडके व श्री. वि. स. खांडेकर हीं नांवें त्या वादाचीं दोन निशाणें होऊन राहिलीं. त्याची छाया या अढीवर अजून आहे. परंतु त्या गदारोळांत एक साधा प्रश्न मागें राहिला असें मला वाटतें. थकलेल्या मनुष्यास विसावा देणें हें वाङ्मयाचें उचित कार्य आहे कीं नाहीं. आणि असल्यास त्या विसाव्याची मर्यादा कोणती?

प्रथम खेळांकडेच पाहूं. भाची खेळत होती त्या खेळाचें नांव ‘स्टारड्यू व्हॅली’. एरिक बॅरोन नांवाच्या अमेरिकन तरुणानें सुमारें साडेचार वर्षें एकट्यानें खपून तो तयार केला. त्यांतील चित्रें, संगीत आणि संवादही त्याचेच. २०१६ सालच्या फेब्रुवारींत तो प्रसिद्ध झाला. त्याचें मूळ मात्र जपानांत आहे. १९९६ सालीं तेथें शेतीचा एक खेळ निघाला. इंग्रजींत तो ‘हार्व्हेस्ट मून’ या नांवानें गेला. त्याचा कर्ता यासुहिरो वादा हा ग्रामीण भागांत वाढून टोकियोंत नोकरीस आलेला होता, आणि मागें राहिलेल्या गांवाची ओढ त्यानें या खेळांत ओतली. बॅरोनच्या खेळांतही नायक एका मोठ्या कंपनीच्या कचेरीस विटून आजोबांनीं ठेवलेल्या पडीक शेतावर येतो. गांवचा प्रमुख त्याला पंधरा बिया देतो. चार दिवसांत पीक हातीं येतें. कावळे येतात, पण एक बुजगावणें उभें केलें कीं तो प्रश्न मिटतो. रात्रीं माल दारांतल्या पेटींत टाकावा, सकाळीं पैसे जमा. अडत्या नाहीं, हमाली-तोलाई नाहीं, भाव पडला म्हणून कांदा रस्त्यावर ओतण्याची वेळ नाहीं.

दुसरा एक प्रसिद्ध खेळ ‘ॲनिमल क्रॉसिंग’ या मालेंतील. त्याचा नवा भाग २० मार्च २०२० रोजीं बाहेर पडला. त्याच सुमारास जगांतील घरांचीं दारें रोगाच्या भयानें एकामागून एक बंद होत होतीं. आपल्या देशांत २५ मार्चपासून सर्वत्र टाळेबंदी सुरू झाली. त्या खेळाच्या पुढें चार कोटींहून अधिक प्रती खपल्या. त्यांत मनुष्य एका बेटावर राहावयास जातो, शेजारीं बोलकीं जनावरें असतात, आणि घर बांधण्यासाठीं टॉम नूक नांवाचा सावकार कर्ज देतो. या सावकाराचें वैशिष्ट्य असें कीं तो व्याज घेत नाहीं, मुदत घालीत नाहीं आणि तगादाही लावीत नाहीं. कर्ज केव्हां फेडावयाचें तें ऋणको ठरवितो!

आतां येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. या खेळांचें आकर्षण आळसांत असतें तर त्यांत मनुष्यास नुसतें झोपाळ्यावर बसविलें असतें. पण हे खेळ कामाचे आहेत. नांगरा, पेरा, पाणी घाला, कर्ज फेडा, शेजाऱ्याला भेट द्या. दिवसभर राबून आलेला मनुष्य विरंगुळा म्हणून पुन्हां राबतोच आहे. मग यांत सुख कोणतें? उत्तर सोपें आहे: येथें श्रम आणि फळ यांच्यामधली वाट कधीं तुटत नाहीं. कर्मावर आपला अधिकार आहे, फळावर नाहीं, असें गीतेनें सांगितलें. आणि तें सांगावें लागलें याचें कारण मनुष्याचें मन फळाला सोडावयास कधींच राजी नसतें. मराठवाड्यांतल्या शेतकऱ्यास विचारा. त्यानें वेळेवर पेरलें, वेळेवर खुरपलें, आणि पावसानें एक महिना तोंड दाखविलें नाहीं, तर त्याच्या श्रमाला कोणी विचारीत नाहीं. माझ्या भाचीला विचारा. तिनें रात्रभर जागून ज्या रुग्णाची नाडी पाहिली तो सकाळीं वांचेलच असें नाहीं. ज्यांत घामाला दाम नक्की आहे असें जग घटकाभर पाहावयास मिळावें, ही इच्छा क्षुद्र नव्हे. किंबहुना न्यायाविषयींची जी भूक मनुष्याच्या ठायीं जन्मतः आहे, तिचेंच हें घरगुती रूप आहे.

ऊबदार कथेचेंही असेंच आहे. अगाथा क्रिस्टीची मिस मार्पल ही म्हातारी ज्या कादंबरींत प्रथम आली, ती ‘द मर्डर ॲट द व्हिकारेज’ १९३० सालीं निघाली. एक इंग्रजी खेडें, चहाचे पेले, बागेंतलीं फुलें, भिंतीआडून शेजारचें सर्व कांहीं पाहणारी एक अविवाहित वृद्धा, आणि पाद्र्याच्या अभ्यासिकेंत एक प्रेत. हें वाचणाऱ्या पिढीनें १९१४ ते १९१८ चें महायुद्ध पाहिलें होतें. ज्या घरांत हें पुस्तक वाचलें जाई त्यांतल्या कित्येक घरांत न परतलेल्या मुलाची तसबीर होती. तो मुलगा कां गेला, कोणामुळें गेला, याचें समाधानकारक उत्तर कोणीच देऊं शकत नव्हतें. क्रिस्टीच्या खेड्यांत मात्र प्रत्येक मृत्यूला कारण आहे, कर्ता आहे, आणि शेवटच्या प्रकरणांत त्याचें नांव निघतें. स्वतः क्रिस्टी त्या युद्धांत टॉर्की येथील रुग्णालयांत जखमी शिपायांची शुश्रूषा करीत होती. विषांचें ज्ञान तिला तेथल्याच औषधालयांत मिळालें. तिला दुःख ठाऊक नव्हतें असें कोणी म्हणूं नये. भरताच्या नाट्यशास्त्रांतही पहिल्याच अध्यायांत नाट्याचें एक प्रयोजन म्हणून दुःखानें, श्रमानें आणि शोकानें गांजलेल्यांस विश्रांति देणें हें सांगितलेलें आहे. आमच्या आद्य नाट्याचार्यास ज्याची लाज वाटली नाहीं त्याची आपणही वाटून घेण्याचें कारण नाहीं.

येथपर्यंत मी भाचीचा वकील आहें. येथून पुढें मला चुलत्यांच्या बाजूस जावें लागतें, आणि त्यासाठीं स्वतःच्या घरची एक गोष्ट सांगणें भाग आहे.

ही भाची म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. अक्का तीन वर्षांपूर्वीं पावसाळ्यांत गेली. शेवटचे चार महिने ती आमच्याकडेच होती. औषधांनीं तिचे डोळे शिणत, म्हणून संध्याकाळीं मी तिला पुस्तक सांगत असें. इंग्रजी पुस्तक हातांत धरून मराठींत सांगत जावयाचें, ही लहानपणीं तिनेंच माझ्यासाठीं पाडलेली रीत. आतां फक्त जागा बदलल्या होत्या. मीं मुद्दाम ऊबदार पुस्तकें निवडलीं. तिला क्लेश होऊं नयेत, असें मी सर्वांस सांगें आणि स्वतःसही सांगें. पहिले कांहीं आठवडे तें खरेंही होतें. ती हंसे, मध्येंच गुन्हेगाराचें नांव ओळखून दाखवी, आणि तेवढा वेळ दुखणें मागें सरे.

पुढें पुढें ती मध्येंच कांहीं बोलावयास लागे. “मी काय म्हणतें,” असें म्हणून ती थांबे, आणि मी लगबगीनें म्हणें, “हें प्रकरण संपवूं, मग बोलूं.” प्रकरणामागून प्रकरण संपत गेलें. एके दिवशीं वर सांगितलेली पाद्र्याच्या घरांतील खुनाची कथा चालली होती. त्यांतला मेलेला कर्नल हा गांवाला नकोसा झालेला मनुष्य. त्याच्या मरणाचें कोणास फारसें वाईट वाटत नाहीं. अक्का डोळे मिटून पडली होती. ती एकदम म्हणाली, “अरे, घरांतला कर्ता माणूस गेला, आणि रडलें कोणीच नाहीं? सुतक नाहीं, कांहीं नाहीं, सगळे आपले चहाच पिताहेत?” मी म्हणालों, “अक्का, ती गोष्ट आहे.” ती म्हणाली, “तें मला समजतें. पण माझी गोष्ट तूं कधीं ऐकणार?”

मीं पुस्तक मिटलें. त्या रात्रीं आणि दुसऱ्या रात्रीं ती बोलली. पतपेढींतल्या ठेवी, मुलीच्या शिक्षणाचे पैसे, आईची पैठणी कोणाला द्यावी. आणि त्याखेरीज जें ती कोणाशींच बोलली नव्हती तें, मरणाचें भय. मला उत्तर देतां आलें नाहीं. तिला तें नकोही होतें. कोणी तरी ऐकावें एवढेंच तिला हवें होतें, आणि तेवढेंच मीं दोन महिने टाळलें होतें. पुस्तक तिच्यासाठीं उघडलें होतें हें खरें. पण तें मिटलें नाहीं तें माझ्यासाठीं.

आणखी एक गोष्ट मला नंतर उमगली. वाचून दाखविण्याचें सुखाचें काम माझ्याकडे होतें. पेज शिजविणें, चादरी बदलणें, रात्रीं चारदां उठणें हें माझ्या पत्नीकडे आणि भाचीकडे होतें. खोलींतली ऊब मला कथेमुळें आलीशी वाटे. ती पलीकडच्या चुलीची होती. मिस मार्पलच्या घरींही चहा आपोआप येत नाहीं. अनाथाश्रमांतून आणलेल्या मुली तो आणतात, आणि कथा त्यांच्याकडे ओझरतें पाहून पुढें जाते. ऊबदार जगाची ही पहिली मर्यादा. त्यांतली ऊब कोणी तरी केलेली असते, आणि करणारें माणूस बहुधा चित्राच्या चौकटीबाहेर राहतें.

दुसरी मर्यादा अधिक कठीण आहे, आणि तिचें उदाहरण मोठ्या लेखकाच्या चरित्रांतच सांपडतें. पी. जी. वुडहाउस याच्याइतकें निर्मळ हंसूं इंग्रजी वाचणाऱ्या जगाला फार थोड्यांनीं दिलें असेल. आपल्याकडेही त्याचे भक्त पुष्कळ आहेत. मी त्यांपैकीं एक. १९४० सालीं जर्मन सैन्य आलें तेव्हां तो फ्रान्समध्यें राहत होता. शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याला धरून स्थानबद्ध करण्यांत आलें. त्यांतला मोठा काळ सायलेशियांतल्या एका वेड्यांच्या इस्पितळाच्या इमारतींत गेला. तेथें बसून त्यानें एक संपूर्ण विनोदी कादंबरी लिहिली. यांत निंद्य तें काय? मला तर हें मोठें धैर्य वाटतें. पण १९४१ च्या उन्हाळ्यांत सुटका झाल्यावर त्यानें बर्लिनच्या आकाशवाणीवरून अमेरिकन श्रोत्यांसाठीं पांच भाषणें केलीं, आणि त्यांत आपल्या बंदिवासाचें वर्णन खेळकर सुरांत केलें. त्याच्या आधींचे कित्येक महिने लंडनवर बॉम्ब पडत होते. इंग्लंडांत संतापाची लाट उसळली. १९४५ सालीं जॉर्ज ऑर्वेलनें त्याच्या बचावार्थ निबंध लिहिला. त्याचा मथितार्थ असा कीं हा मनुष्य देशद्रोही नव्हे, त्याला काळ समजला नाहीं इतकेंच. वुडहाउस पुढें अमेरिकेंत स्थायिक झाला, आणि १९७५ सालीं तेथेंच वारला. त्याच वर्षाच्या आरंभीं त्याला ‘सर’ ही पदवी मिळाली होती. पण स्वदेशीं तो परत गेला नाहीं.

मला यांत जी शिकवण दिसते ती अशी. वुडहाउसनें ऊबदार जग निर्मिलें हा त्याचा दोष नव्हे. छावणींत त्यानें त्या जगाचा आश्रय घेतला हाही नव्हे. दोष एवढाच कीं ज्यांची घरें जळत होतीं त्यांच्यासमोर तो त्याच जगांतला सूर घेऊन बोलला. ऊबदार कथेनें आपलें दुःख हलकें करावें, तो तिचा अधिकार आहे. पण तिच्या आडून दुसऱ्याचें दुःख हलकें लेखण्याचा अधिकार आपणांस मिळत नाहीं. त्यानें आकाशवाणीवर जें केलें तेंच मीं अक्काच्या उशाशीं केलें. फरक इतकाच कीं माझ्या बाबतींत ऐकणारी एकच होती.

मग निष्कर्ष काय? अशीं पुस्तकें आणि असे खेळ फेंकून द्यावे? मुळींच नाहीं. भातुकली खेळणारें मूल फसलेलें नसतें. बोळक्यांतला भात चुरमुऱ्यांचा आहे हें त्याला पक्कें ठाऊक असतें. आणि पलीकडे आईची खरी चूल पेटलेली असते म्हणूनच तो खेळ निर्धास्तपणें चालतो. आईनें हांक मारली कीं मूल उठतें. प्रश्न फक्त या उठण्याचा आहे. पुस्तकांत काय वगळलें आहे यावरून त्याची परीक्षा करूं नये. प्रत्येक पुस्तक कांहीं ना कांहीं वगळतेंच. तें हातांत धरून आपण कोणाला दाराबाहेर ठेवीत आहों, हें मात्र वाचणाऱ्यानें स्वतःला विचारावें.

आणि या जातींतल्या चांगल्या कृतींना हें कळतें असेंही मला आढळलें. ‘स्टारड्यू व्हॅली’च्या त्या निश्चिंत खेड्यांत दुसऱ्या वर्षीं केंट नांवाचा एक शिपाई युद्धावरून परत येतो. एके दिवशीं त्याची बायको मक्याच्या लाह्या भाजते, आणि त्या फुटण्याच्या आवाजानें तो कासावीस होतो. त्या दिवशीं बुजगावण्याचा कांहीं उपयोग नसतो. भाचीनें मला दाखविलेला दुसरा खेळ याहून पुढें जातो. त्याचें नांव ‘स्पिरिटफेअरर’. कॅनडांतल्या माँट्रियल येथील एका मंडळीनें तो २०२० सालीं काढला. स्टेला नांवाची मुलगी मृतात्म्यांना नावेंत घेते, त्यांच्या आवडीचें रांधून घालते, त्यांना जवळ घेते, त्यांचें म्हणणें ऐकते, आणि ज्याची त्याची वेळ आली म्हणजे त्याला शेवटच्या दारापाशीं पोंचवून परत येते. त्यांत ॲलिस नांवाची एक म्हातारी आहे. ती हळूहळू सर्व विसरत जाते आणि स्टेलेलाच आपली मुलगी समजूं लागते.

“या म्हातारीला पोंचविणें मला किती दिवस जमत नव्हतें,” भाची म्हणाली. “नाव भलतीकडेच फिरवीत बसायचें.”

“मग?” मीं विचारलें.

“मग गेल्यें एकदां घेऊन. ती जातांना काय म्हणते तें ऐकायचें राहून गेलें असतें, मामा.”

हें बोलतांना तिनें माझ्याकडे पाहिलें नाहीं, आणि मींही तिच्याकडे पाहिलें नाहीं. आपल्या आईच्या उशाशीं त्या दोन रात्रीं तीही बसली होती, आणि तिच्या आधींचे दोन महिनेही तिनें पाहिले होते. थोड्या वेळानें तिनें पडदा मिटला. चुलत्यांनीं वर्तमानपत्राची घडी घालीत विचारलें, “झाली का भातुकली?” ती म्हणाली, “झाली, आजोबा,” आणि चहाचें आधण ठेवावयास आंत गेली. मीही तिच्या मागोमाग उठून कप काढूं लागलों.